अकरावीला प्रगत पर्यावरणशास्त्र शिकवताना कृष्णाकाठ वर्गात कसा आणावा?

प्रश्न : जीवशास्त्र शिक्षिका, मिरज

नमस्कार.

मिरजेजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. अकरावीतील निवडक विद्यार्थ्यांसाठी प्रगत पर्यावरणशास्त्राचा वर्षभराचा वर्ग येत्या जूनपासून सुरू करण्याचे आमच्या संस्थेने ठरवले असून, त्यासाठी अमेरिकेतील कॉलेज बोर्डाचा 'एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट) एन्व्हायर्न्मेंटल सायन्स' हा अभ्यासक्रम आधार म्हणून घेतला आहे. काही विद्यार्थी मे महिन्यातील ती परीक्षा देणार आहेत. बाकीच्यांना परीक्षा द्यायची नाही, पण विषय मनापासून शिकायचा आहे. राज्य मंडळाचा 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' हा विषय मी शिकवत आले आहे, परंतु श्रेणीचा विषय असल्यामुळे आणि तासिका कमी असल्यामुळे प्रकल्पवही पूर्ण करून घेण्यापलीकडे त्यात फारसे जाता येत नाही. या वर्गात मात्र मुलांनी स्वतः मोजावे, आकडेमोड करावी आणि कारणे शोधावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अभ्यासक्रमाचे नऊ घटक आहेत. परिसंस्था आणि जैवविविधता यांपासून सुरुवात होते, पुढे लोकसंख्या, पृथ्वीवरील प्रणाली व संसाधने, जमीन व पाण्याचा वापर, ऊर्जा, हवेचे प्रदूषण, पाणी व जमिनीचे प्रदूषण आणि शेवटी जागतिक बदल. परीक्षेत ८० बहुपर्यायी प्रश्न दीड तासात सोडवायचे असतात आणि त्यांचा भार ६० टक्के असतो. उरलेले ४० टक्के तीन दीर्घोत्तरी प्रश्नांना असतात, त्यांसाठी ७० मिनिटे मिळतात. त्यांतील एक प्रश्न प्रयोगाच्या आखणीवर असतो आणि एकात आकडेमोड असते. हे सगळे कागदावर नीट बसते, पण वर्गात उभे राहून शिकवायचे म्हटले की काही अडचणी समोर येतात आणि त्यांबद्दल अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

पहिली अडचण उदाहरणांची. पुस्तकातील धूर लॉस एंजेलिसचा, भूजल अमेरिकेतील ओगालाला जलधराचे (भूजल साठवणाऱ्या खडकथराचे) आणि ऑक्सिजनअभावी मृत झालेला पट्टा मेक्सिकोच्या आखातातील. आमची मुले मात्र २०१९ च्या महापुरात शाळेच्या वरच्या मजल्यावर किंवा नातेवाइकांकडे राहिलेली आहेत; त्यांच्या घरी ऊस, द्राक्षे किंवा हळद आहे. त्यांच्या भोवतालचा कोणता भाग कोणत्या घटकाला जोडावा, याची मला नीट घडी बसवायची आहे. दुसरी अडचण प्रयोगशाळेची. आमच्याकडे काचसामान, साधा तराजू आणि सूक्ष्मदर्शक आहेत, परंतु पाणी-तपासणीची महागडी उपकरणे नाहीत. तिसरी अडचण मला सर्वांत अधिक बोचते. रासायनिक खते, कीटकनाशके, अतिपाणी, पाचट जाळणे हे विषय शिकवताना समोर बसलेल्या मुलांच्या आईवडिलांच्या शेतीबद्दलच मी बोलत असते. त्यांना कमीपणा वाटू न देता, आणि तरीही सत्य न लपवता, हे कसे शिकवावे?

उत्तर : भूगोल शिक्षक, कराड

मॅडम, उपक्रम उत्तम आहे. माझा पहिला आग्रह असा राहील की नऊ घटकांचा छापील क्रम आपण पाळू नये. आपल्याकडे ऋतू ठरवतील तो क्रम ठेवावा, कारण ज्या महिन्यात जे दिसते ते त्याच महिन्यात मोजता येते. जून ते सप्टेंबर पाऊस मोजावा, जलचक्र आणि पर्जन्यछाया शिकवावी. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा आरंभ हा फुलांचा आणि जैवविविधतेचा काळ आहे. दिवाळीनंतर माती. डिसेंबर-जानेवारीत हवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये नदीचा प्रवाह बारीक झालेला असतो आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगामही चालू असतो, म्हणून पाण्याच्या प्रदूषणाचा अभ्यास तेव्हा. ऊर्जा आणि लोकसंख्या हे घटक बऱ्याच अंशी वर्गातच शिकवता येतात, त्यामुळे ते मधल्या मोकळ्या आठवड्यांत बसवता येतील.

पर्जन्यछायेसाठी तर सातारा जिल्ह्याएवढा सोयीचा नकाशा मला दुसरा माहीत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. मुलांना पश्चिम-पूर्व छेद काढायला लावावा, त्यावर पावसाचे आकडे मांडायला लावावेत आणि मग विचारावे की हवा वर चढताना थंड का होते, बाष्प कुठे सोडते आणि उतरताना कोरडी का होते. हा छेद ज्याने स्वतः काढला, त्याला अमेरिकेतील सिएरा नेवाडाच्या पूर्वेचे वाळवंट वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता महापुराविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सांगलीच्या मुलांसाठी हा विषय केवळ उदाहरण म्हणून वापरण्याजोगा नाही, तो त्यांच्या घरात शिरलेला आहे. सांगलीतील कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. या तीन आकड्यांवरून वर्गाची सुरुवात करावी आणि लगेच विसर्गाच्या गणिताकडे वळावे. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट आणि क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, हे फळ्यावर लिहून मुलांना एकच प्रश्न द्यावा : एक लाख क्युसेक विसर्ग पूर्ण दिवस चालू राहिला, तर किती पाणी वाहून जाते? दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले की उत्तर ८.६४ टीएमसी येते. कोयनेची साठवण क्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे. म्हणजे एक लाख क्युसेकच्या विसर्गाने भरलेले कोयना धरण रिकामे व्हायला बारा दिवस लागतील, तेही वरून एक थेंब न येता. 'पाऊस येणार हे कळल्यावर धरण आधी का रिकामे केले नाही' या गावातील नेहमीच्या प्रश्नाकडे मुले त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहतात, कारण आता त्यांना वेळ, साठा आणि खालच्या नदीची वहनक्षमता या तिन्ही गोष्टी एकत्र दिसू लागतात. कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा (मागे साचणाऱ्या पाण्याचा) पुरात वाटा किती, यावर पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीच्या २०२० च्या अहवालानंतरही मतभेद आहेत. शिक्षकाने तेथे निकाल देऊ नये. कोणता दावा तपासण्यासाठी कोणते मोजमाप लागेल, एवढे मुलांकडून लिहवून घ्यावे.

याच ओघात पूररेषेतील बांधकामे, नाल्यांवरील भराव आणि सिमेंटखाली गेलेली जमीन यांमुळे पाणी मुरण्याचे प्रमाण कसे घटते, हा शहरीकरणाचा भाग शिकवता येतो. सांगलीतील मुलांना आपापल्या गल्लीत पाणी कुठून शिरले आणि कुठून ओसरले याचा नकाशा काढायला सांगितला, तर घरातील वडीलधारी माणसेही त्या अभ्यासात बसतात.

कोयनेचा उपयोग ऊर्जेच्या घटकासाठीही करावा. कृष्णेच्या खोऱ्यातील पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडून तेथे १,९६० मेगावॅट क्षमतेचा वीजप्रकल्प उभा आहे. एक घनमीटर पाणी शंभर मीटर खाली आले की सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे ०.२७ युनिट वीज मिळते. बाकीचे गणित मुलांनी करावे. ही वीज कोळशाविना मिळते. दुसऱ्या बाजूला ते पाणी पूर्वेच्या दुष्काळी तालुक्यांना मिळत नाही, शिवसागर जलाशयाखाली गावे गेली आणि ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचा जलाशयाशी संबंध आजही अभ्यासला जातो. जलविद्युत 'स्वच्छ' असली तरी तिची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न अमेरिकेतील कोलंबिया नदीवरच्या साल्मन माशांच्या उदाहरणाइतकाच खोल आहे.

उत्तर : निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापक, सातारा

वरील मांडणी मला मान्य आहे, फक्त एक सावधगिरी सुचवतो. जागतिक बदल या एका घटकाला परीक्षेत १५ ते २० टक्के भार आहे, म्हणजे नऊ घटकांत सर्वाधिक. त्यात ओझोनचा थर, हरितगृह वायू, समुद्राचे आम्लीकरण आणि परक्या प्रजातींचे आक्रमण येते. यांतील बरेचसे कृष्णेच्या घाटावर उभे राहून दिसणार नाही. स्थानिकतेच्या ओढीने हा घटक एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यांवर ढकलला गेला, तर मुलांचे नुकसान होईल. क्लोरोफ्लुरोकार्बनमधील एक क्लोरीन अणू ओझोनचे हजारो रेणू कसा मोडतो आणि १९८७ चा माँट्रियल करार यशस्वी का ठरला, हे समीकरणांसह शांतपणेच शिकवावे लागते. परक्या प्रजातींसाठी मात्र घाणेरी, गाजरगवत आणि जलपर्णी आपल्या दारातच आहेत.

उपकरणांची चिंता फार करू नये. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजण्यासाठी विंकलरची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे आणि ती आपल्या साध्या प्रयोगशाळेत होते. ३०० मिलिलिटरची काचेच्या घट्ट बुचाची बाटली पाण्याखाली हळूच भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग घाटावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइडचे द्रावण बाटलीच्या तळाशी सोडून बूच लावायचे आणि बाटली उलटसुलट हलवायची. तपकिरी साका भरपूर बसला, तर ऑक्सिजन चांगला आहे. साका पांढराच राहिला, तर त्या पाण्यात जवळजवळ ऑक्सिजन नाही. हा फरक अनुमापनाच्या (टायट्रेशनच्या) आधीच डोळ्यांना दिसतो आणि त्या क्षणी मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. पुढे प्रयोगशाळेत आम्ल घालून साका विरघळवायचा आणि स्टार्च घालून सोडियम थायोसल्फेटने निळा रंग जाईपर्यंत अनुमापन करायचे. आम्ल मात्र शिक्षकानेच हाताळावे.

नमुने तीन ठिकाणचे घ्यावेत : सांडपाणी मिळते त्याच्या वरच्या बाजूला, मिळते तेथे, आणि बऱ्याच अंतरावर खाली. सांगलीत शेरीनाला हा सांडपाण्याचा नाला कृष्णेला मिळतो, ती जागा यासाठी सर्वांना ठाऊक आहे. ऑक्सिजन आधी घसरतो आणि पुढे हळूहळू सावरतो, असा जो खोलगट आलेख पुस्तकात असतो, तो मुलांच्या स्वतःच्या आकड्यांतून उभा राहिला पाहिजे. २५ अंश सेल्सियसला संपृक्त पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमहून थोडा अधिक ऑक्सिजन मावतो, आणि तापमान वाढले की तो कमी होतो. म्हणून प्रत्येक नमुन्याबरोबर पाण्याचे तापमान लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात स्नानासाठीच्या पाण्यात ५ आणि मत्स्यजीवनासाठी ४ मिलिग्रॅम ही किमान मर्यादा आहे, तिच्याशी तुलना करावी.

सुरक्षिततेबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो. कृष्णेत भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यापासून सांगलीपर्यंत मगरी आहेत. कोणत्याही मुलाने पाण्यात पाय घालू नये. घाटाच्या वरच्या पायरीवरून दोरीला बांधलेल्या बादलीने पाणी काढावे आणि बाटली त्या बादलीत, नळीने, तळापासून भरावी. बादलीतून भरताना थोडी हवा मिसळते, ही त्रुटी मुलांनी अहवालात स्वतः नोंदवावी. प्रयोगाच्या आखणीच्या प्रश्नात अशा जाणिवेलाच गुण असतात.

प्रश्नकर्ती, मिरज

दोन्ही सरांचे मनापासून आभार. ऋतूंनुसार क्रम लावण्याची सूचना मी वेळापत्रकात घेते आहे, आणि जागतिक बदलाचा घटक जानेवारीतच सुरू करून दर आठवड्याला एक तासिका त्यासाठी राखून ठेवते. मगरींचा मुद्दा पालकांच्या संमतिपत्रातही लिहीन.

शेतीविषयी मात्र अजून विचारायचे आहे. माझ्या वर्गात काही मुलांच्या जमिनीला मीठ फुटले आहे. त्यांच्यापैकी एकाने 'आमच्याच चुकीने जमीन गेली का' असे मला विचारले होते. अशा मुलासमोर जमिनीच्या अवनतीचा धडा कसा उभा करावा? आणखी एक शंका रसायनशास्त्राच्या सरांना : जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यातील घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात ते, मोजण्यासाठी अमेरिकन पुस्तकात २० अंशांवर पाच दिवस सांगितले आहेत. आमच्याकडे त्यासाठीचा थंड उबवणी कपाट नाही.

उत्तर : कृषी पदवीधर आणि ऊस उत्पादक, पलूस तालुका

ताई, आपला तिसरा प्रश्न वाचून थांबलो आणि लिहायचे ठरवले, कारण माझ्या स्वतःच्या शिवारात एक तुकडा क्षारपड आहे.

त्या मुलाला आधी जमिनीची रचना दाखवावी. आपली काळी माती फुगणाऱ्या चिकणमातीची आहे; ओली झाली की छिद्रे मिटतात आणि पाणी खाली झिरपत नाही. त्यात नदीकाठची सखल जमीन, उपसा सिंचनाचे बारमाही पाणी, निचऱ्याची सोय नाही आणि वर उन्हाळ्याचे कडक ऊन. भूजल वर चढते, पृष्ठभागावरून वाफ होऊन जाते आणि क्षार वर राहतात. याच कारणाने प्राचीन मेसोपोटेमियाची शेती खचली आणि कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यातही आज हीच अडचण आहे. हे कारण समजले की दोष एका बापाच्या माथ्यावर राहत नाही. शेजारच्याने कितीही पाणी दिले तरी ते खालच्या वावरात उमटते, पाणी मोजून न देता हेक्टरी दराने आकारले गेले, ऊस हे हमखास पैशाचे एकच पीक राहिले. हे सगळे कारणांच्या साखळीत यायला हवे. अभ्यासक्रमात सामायिक संसाधनांच्या ऱ्हासाचा जो भाग आहे, तो येथे अगदी नेमका बसतो.

त्यानंतर उपाय शिकवावेत, कारण उपाय आहेत. क्षारयुक्त आणि चोपण या दोन वेगळ्या स्थिती आहेत, हे मुलांनी मोजून ओळखावे. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला असतो, सामू (पीएच) ८.५ च्या वर जातो आणि माती ओली असताना चिकट व वाळल्यावर दगडासारखी होते. तिला जिप्सम लागते. नुसती क्षारयुक्त जमीन निचरा करून चांगल्या पाण्याने धुता येते. वाळवा, मिरज, पलूस आणि पलीकडे शिरोळ तालुक्यात जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून शेतकऱ्यांनी पुन्हा ऊस उभा केलेला आहे. अशा एखाद्या शेतात मुलांना न्यावे आणि पाइपाच्या तोंडाशी बाहेर पडणाऱ्या पाण्याची विद्युत वाहकता मोजायला लावावी; क्षार जितके जास्त तितकी ती अधिक. खिशात मावणारे वाहकता मोजण्याचे यंत्र फार महाग नसते. एक तांत्रिक सूचना : पुस्तकात क्षारयुक्त जमिनीची मर्यादा मीटरला ४ डेसिसायमेन दिलेली असते, ती संपृक्त मातीतून काढलेल्या अर्काची आहे. आपण एक भाग मातीत अडीच भाग पाणी ढवळून मोजले, तर आकडा त्यापेक्षा बराच कमी येतो, म्हणून दोन्हींची थेट तुलना करू नये.

प्रयोगाच्या आखणीसाठी मुलांना याच विषयावर उगवणीचा प्रयोग द्यावा. मुगाचे किंवा मेथीचे बी, टिपकागद, झाकणाच्या बशा आणि मिठाची वाढत्या तीव्रतेची द्रावणे, एवढ्यावर भागते. एका बशीत नुसते स्वच्छ पाणी, प्रत्येक तीव्रतेच्या तीन बशा, सगळीकडे बियांची संख्या, प्रकाश आणि तापमान सारखे. किती बी उगवले याचा आलेख काढला की ज्या तीव्रतेला निम्मे बी उगवत नाही तो बिंदू सापडतो. विषाच्या मात्रेचा आणि परिणामाचा आलेख अभ्यासक्रमात आहे, तो या बशांतून कळतो, आणि कोणत्याही प्राण्याला इजा करावी लागत नाही. मग मुले आपापल्या वावरातील माती आणून तिच्या अर्कावर तोच प्रयोग करू शकतील.

द्राक्षांबद्दलही एवढेच सांगेन की शेतकऱ्याला आरोपी करून धडा सुरू करू नये. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षे अडली, तेव्हा तासगावच्या बागायतदारांनी अंशमर्यादा, फवारणीची नोंदवही आणि काढणीपूर्व कालावधी हे शब्द फार कष्टाने शिकले. आज अनेक घरांत ती नोंदवही असते. मुलाने ती वर्गात आणली, तर वडिलांचे ज्ञान हाच अभ्यासाचा साहित्यसाठा होतो. कोणते औषध कधी, किती, कोणत्या किडीसाठी आणि तीच किड पुढच्या हंगामात त्या औषधाला का दाद देत नाही, हा प्रश्न नैसर्गिक निवडीचा आहे आणि त्याचे उत्तर घरातच मिळते. पालकांना एखाद्या तासिकेला बोलावून बोलते केले, तर फार उत्तम.

पाचटाचेही तसेच. ते जाळू नये, हे प्रत्येक पोस्टरवर असते. पण पाचट सरीत दाबायला मजूर किती लागतात, खोडव्यात यंत्र कसे फिरवायचे आणि तोडणीच्या टोळीला जळालेला फड का सोपा जातो, हे मुलांनी हिशेबासह मांडले पाहिजे. तेव्हाच उपाय सुचवा या प्रश्नाचे उत्तर खरे होईल.

उत्तर : विज्ञान शिक्षिका, मूळ वाई, सध्या पुणे

मी या परीक्षेसाठी मुलांची तयारी करून घेते, म्हणून केवळ त्या अंगाने लिहिते.

पहिली गोष्ट वर्षाची. बारावीच्या मुलांना फेब्रुवारी-मार्चची बोर्डाची परीक्षा आणि पाठोपाठ प्रवेश परीक्षा असतात, त्यामुळे मे महिन्यातील हा पेपर अकरावीच्या शेवटीच देणे हिताचे. आपला निर्णय योग्य आहे. केंद्र आणि नोंदणी यांची चौकशी मात्र पावसाळ्यातच सुरू करावी.

दुसरी गोष्ट उत्तरलेखनाची. आपली मुले माहिती भरपूर लिहितात, पण येथे 'प्रदूषणामुळे पर्यावरणाची हानी होते' अशा सर्वसाधारण वाक्याला गुण मिळत नाही. शेतातील नत्र पावसाने ओढ्यात जाते, शेवाळ माजते, ते मरते, त्याचे विघटन करणारे जिवाणू ऑक्सिजन वापरतात आणि मासे गुदमरतात; एवढी साखळी, कोणतीही कडी न वगळता, लिहावी लागते. वरील सरांचा तीन बाटल्यांचा प्रयोग ज्यांनी केला असेल, ती मुले ही साखळी पाठ न करता लिहितील. आकडेमोडीत मांडणी आणि एकके दाखवणे आवश्यक आहे. गणकयंत्र चालते, पण टीएमसीवरून घनमीटर, मेगावॅटवरून युनिट, हेक्टरवरून चौरस मीटर असे रूपांतर हाताने करण्याची सवय पहिल्या महिन्यापासून लावावी. लोकसंख्या दुप्पट होण्याचा काळ काढण्यासाठी ७० ला वाढीच्या टक्केवारीने भागणे, हे तर तोंडी यायला हवे.

कायद्यांच्या बाबतीत भारतीय आणि अमेरिकन अशी जोडी लावून शिकवावे, परंतु परीक्षेत अमेरिकन कायदाच अपेक्षित असतो हे मुलांना स्पष्ट सांगावे. तिकडचा क्लीन वॉटर ॲक्ट १९७२ चा, आपला जलप्रदूषण कायदा १९७४ चा. तिकडचा धोक्यातील प्रजातींचा कायदा १९७३ चा, आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीत जिवंत नागांवर आलेले निर्बंध याच कायद्यामुळे, ही गोष्ट सांगलीच्या मुलांना वेगळी समजवावी लागणार नाही. अमेरिकेत लव्ह कॅनॉल या वस्तीतील विषारी कचऱ्यातून १९८० चा, अशा जागा साफ करण्याचा, सुपरफंड कायदा आला आणि १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८६ चा आपला पर्यावरण संरक्षण कायदा. दुर्घटना आणि कायदा यांचे नाते दोन्ही देशांत दिसले की वर्षे आपोआप लक्षात राहतात.

जैवविविधतेसाठी साताऱ्याजवळच्या कास पठारावर न्यायचे असेल तर फुलांच्या हंगामातील गर्दीच्या दिवशी नेऊ नका, आणि पठारावर चौकट टाकून तिच्यातील वनस्पतींची मोजणी करण्याचा विचार सोडून द्या. तेथील मातीचा थर इतका पातळ आहे की वर्गभर मुलांची पावले त्याला सोसत नाहीत. वाटेवरून नुसते निरीक्षण करावे : दवबिंदू आणि सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पती तेथेच का वाढतात, याचे उत्तर जांभ्या खडकावरील नत्राच्या तुटवड्यात आहे, आणि नत्रचक्राचा धडा त्यावर उभा राहतो. कुंपण आणि चराईबंदीने फुलांवर काय परिणाम झाला, याविषयी जी चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे, ती परिसंस्थेतील मध्यम हस्तक्षेपाच्या भागाला जोडता येते. चौकटीची मोजणी महाविद्यालयाच्या माळावर किंवा परवानगी घेऊन दंडोबाच्या डोंगरावर करावी. मिरजेहून सागरेश्वरही सोयीचे आहे. उजाड डोंगरावर झाडी वाढवून उभे केलेले अभयारण्य, त्यातील वाढलेली हरणे आणि कुंपणाबाहेरची पिके, एवढ्यातच अनुक्रमण (वनस्पतिसमूह टप्प्याटप्प्याने बदलणे), धारणक्षमता (जागा किती प्राणी पोसू शकते) आणि मानव-वन्यजीव संघर्ष हे तिन्ही विषय आहेत.

हवेसाठी एक सुचवते. डिसेंबरात पहाटे मुलांना गुऱ्हाळाच्या चिमणीकडे पाहायला सांगा. धूर थोडा वर जातो आणि मग शिवारावर आडवा पसरून थांबतो. ऊन चढल्यावर तोच धूर सरळ वर जाऊ लागतो. पहाटे सहा आणि सकाळी दहा अशा दोन वेळांचे छायाचित्र आणि जमिनीलगतचे तापमान नोंदवले, की तापमानाचे व्युत्क्रमण, म्हणजे खाली थंड आणि वर उबदार हवा अशी उलटी स्थिती, शिकवायला तेवढे पुरते. मात्र याला प्रकाशरासायनिक धुके म्हणू नये. त्याला नायट्रोजनची ऑक्साइडे, बाष्पनशील सेंद्रिय संयुगे आणि सूर्यप्रकाश लागतो, आणि हा फरक परीक्षेत हमखास विचारतात.

उत्तर : निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापक, सातारा

मॅडम, आपल्या शंकेचे उत्तर राहिले होते. जैविक ऑक्सिजन मागणीसाठी भारतीय मानक पद्धतीत २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात, कारण आपल्याकडील पाण्याचे तापमान त्याच्या जवळचे असते आणि निष्कर्ष पाच दिवसांच्या पद्धतीशी जुळता येतो. परीक्षेसाठी मुलांनी २० अंश व पाच दिवस लक्षात ठेवावे, प्रयोग मात्र २७ अंशांवर करावा.

उबवणी कपाटाची गरज नाही. थर्माकोलची झाकणाची पेटी घ्यावी, तिच्यात पाणी भरून बाटल्या गळ्यापर्यंत बुडवून ठेवाव्यात आणि सकाळ-संध्याकाळ तापमान पाहून थोडे कोमट किंवा थंड पाणी घालावे. फेब्रुवारीत सांगलीला हे सहज जमते. पेटीत उजेड जाता कामा नये, नाहीतर शेवाळ ऑक्सिजन तयार करत राहील आणि आकडा चुकेल. नाल्याच्या तोंडाजवळचे पाणी तसेच ठेवले, तर तीन दिवसांच्या आत सगळा ऑक्सिजन संपून मोजायला काही उरत नाही, म्हणून ते हवा खेळवलेल्या स्वच्छ पाण्यात विरळ करावे. एकास नऊ आणि एकास एकोणीस अशी दोन प्रमाणे ठेवून पाहावीत आणि ज्या बाटलीत शेवटी निदान १ मिलिग्रॅम ऑक्सिजन उरला व २ मिलिग्रॅम तरी वापरला गेला, तिचाच आकडा धरावा. विरळ करण्याच्या पाण्याची एक बाटली वेगळी, नमुन्याविना ठेवायला विसरू नये.